समुद्रकोळी : कुळ, काया आणि वसतिस्थान

मराठीत ‘कोळी’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. जाळे विणून कीटक धरणारा आठ पायांचा जीव तो कोळी, आणि जाळे टाकून मासे धरणारा किनाऱ्यावरील मनुष्य तोही कोळीच. त्यामुळे ‘समुद्रकोळी’ हा शब्द प्रथम कानी पडताच वरळीचा किंवा वेसाव्याचा एखादा दर्यावर्दी डोळ्यांपुढे उभा राहिला, तर त्यात वाचकाचा दोष नाही. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय असलेला प्राणी या दोहोंहून निराळा आहे. तो समुद्रातच जन्मतो आणि समुद्रातच मरतो. त्याला बहुधा आठ पाय असतात. परंतु तो जाळे विणीत नाही आणि टाकीतही नाही. शास्त्रात त्याच्या वर्गाला ‘पिक्नोगोनिडा’ असे नाव आहे. हा प्राणी खरोखरच कोळ्यांच्या कुळातला आहे, की केवळ दिसण्यावरून त्याला ते नाव मिळाले, हा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञांपुढे अडीचशे वर्षे आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले ते अगदी अलीकडे.

अनोळखी प्राण्याची ओळख ओळखीच्या प्राण्यावरून करून घेणे सोपे जाते. जबलपूर नगरी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. पण तेथील ओमतीच्या एखाद्या जुन्या घराच्या आढ्याकडे पाहिले, तर भूचर कोळ्याचे दर्शन सहज घडते. जबलपूरच्या कोळ्यांचा अभ्यास चांगला झालेला आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे मध्य प्रादेशिक केंद्र याच शहरात असून, पवन गजबे यांचा ‘जबलपूरचे कोळी’ या विषयावरील इंग्रजी ग्रंथ त्या संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. झाडाझुडपांवर झेप घालून भक्ष्य धरणाऱ्या कोळ्याच्या एका जातीला तर १९९९ मध्ये ‘ऑक्सिओपिस जबलपुरेन्सिस’ असे या नगरीचेच नाव देण्यात आले. असा कोणताही कोळी निरखून पाहिला, तर त्याच्या शरीराचे दोन ठळक भाग दिसतात. पुढचा भाग डोके व छाती मिळून झालेला, मागचा भाग फुगीर पोटाचा, आणि दोहोंमध्ये बारीक कंबर. पोटात पचनेंद्रिये, हृदय, जननेंद्रिये व रेशीम काढणाऱ्या ग्रंथी असतात. श्वसनाची इंद्रियेही तेथेच. थोडक्यात, कोळ्याचा सारा संसार त्याच्या पोटात आहे.

समुद्रकोळ्याकडे पाहताच प्रथम जाणवते ते हे की, त्याला असे पोटच नाही. मागच्या टोकाला एक लहानसा खुंट असतो, त्याच्या अग्रावर गुदद्वार असते, आणि पोटाच्या नावाने एवढेच काय ते उरलेले असते. धड म्हणजे काडीसारखी एक अरुंद नळी. तिच्या दोन्ही बाजूंना आखूड फांद्या फुटाव्यात तसे फाटे असतात, व प्रत्येक फाट्याला एक लांबलचक पाय जोडलेला असतो. पुष्कळ जातींत पायाची लांबी धडाच्या कित्येक पट असते. जर्मन शास्त्रज्ञांनी या गणाला ‘पँटोपोडा’, म्हणजे ‘सर्वपाद’ असे नाव दिले ते यथार्थ आहे. ‘पिक्नोगोनिडा’ या शब्दाचा अर्थ मात्र ‘दाट गुडघ्यांचे’ असा होतो. पायाला इतके सांधे आहेत की गुडघ्यांची दाटीच झाली, अशी ही कल्पना. पाय एकामागून एक जोडलेल्या आठ कांड्यांचा असून टोकाला नखी असते.

मग इतक्या बारीक धडात इंद्रिये मावतात कशी? ती मावत नाहीत, म्हणून ती पायांत गेली आहेत. पचननलिकेला दोन्ही बाजूंनी बंद टोकाच्या शाखा फुटतात, आणि त्या प्रत्येक पायात पार टोकाजवळपर्यंत जातात. प्राण्याने खाल्लेले अन्न अशा रीतीने त्याच्या पायांत जाऊन पचते. जननेंद्रियांच्या शाखाही पायांतच असतात. मादीची अंडी पायाच्या मांडीच्या कांड्यात वाढतात, आणि पक्व झाली म्हणजे पायाच्या दुसऱ्या कांड्यावरील छिद्रातून बाहेर पडतात. अंड्यांनी भरलेल्या मादीच्या मांड्या फुगलेल्या दिसतात, त्यामुळे पातळ कवचाच्या जातींत ती नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येते.

डोक्याच्या भागावर एक लहान उंचवटा असून त्यावर चार साधे डोळे असतात. दोन पुढे पाहणारे, दोन मागे. खोल अंधाऱ्या पाण्यातील कित्येक जातींत हे डोळे नाहीसे झालेले आहेत. डोक्याच्या पुढे सोंड असते. तिच्या टोकाशी तोंड असून ते तीन ओठांचे आहे. आतील नळीचा छेद घेतला तर तो तीन आरांच्या चाकासारखा दिसतो. नळीच्या आतील बाजूस दाट, ताठ केस असतात. सोंडेने शोषून घेतलेले मांस या केसांवर कुटले जाते, गाळले जाते, आणि मगच आतड्यात उतरते. बहुतेक संधिपाद प्राण्यांत तोंडाचे भाग उजवे-डावे असतात. येथे ही तीनची रचना कोठून आली याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

सोंडेच्या अंगाला उपांगांच्या तीन जोड्या असू शकतात. पहिली जोडी चिमट्यांची. तिने भक्ष्याचे तुकडे तोडून सोंडेपुढे धरता येतात. दुसरी जोडी स्पर्शकांची; तिने प्राणी चाचपून पाहतो. तिसऱ्या जोडीला शास्त्रीय भाषेत जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘अंडी वाहणारे’ असा होतो. मराठीत ‘अंडधारी गात्रे’ म्हणणे अनुवादकाला पसंत पडले. परंतु हा शब्द थोडा फसवा आहे, कारण ज्या जातींत ही गात्रे नर व मादी दोघांनाही असतात, तेथे त्यांचा रोजचा उपयोग स्वतःचे पाय पुसून स्वच्छ ठेवण्यासाठी होतो. चालणे इतके मंद की अंगावर शेवाळ व बारीकसारीक जीव सहज वस्ती करतील. ते काढून टाकण्यासाठी हा ब्रश कामी येतो.

या तीन जोड्यांपैकी कोणती आहे आणि कोणती नाही, यावरच कुलांची पारख मुख्यतः केली जाते. निम्फॉन या वंशात तिन्ही जोड्या पूर्ण असतात. कोलोसेंडिस या प्रचंड समुद्रकोळ्यांच्या वंशात प्रौढाला चिमटे नसतात, मात्र सोंड धडाहूनही मोठी असते. पिक्नोगोनम हा आखूड व जाड पायांचा वंश सर्वांत निरलंकार. त्याला चिमटे नाहीत, स्पर्शक नाहीत, आणि अंडधारी गात्रे केवळ नरालाच. त्याला त्यांची उणीव भासतही नसावी, कारण तो समुद्रफुलाला बिलगून बसतो आणि त्याच्या अंगात सोंड खुपसून रस शोषतो. समुद्रफूल बहुधा मरत नाही. ढेकूण माणसाला मारीत नाही, तसाच हा प्रकार. आजवर समुद्रकोळ्यांच्या सुमारे १,३०० हून अधिक जाती वर्णिल्या गेल्या असून त्या दहा-अकरा कुलांत विभागलेल्या आहेत. भूचर कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींपुढे ही संख्या लहान वाटेल. परंतु एवढ्या थोड्या जातींत आकारमानाचा जो पल्ला आहे तो विलक्षण आहे. कित्येकांचे धड एक-दोन मिलिमीटरांचे असते, तर कोलोसेंडिसच्या एका जातीत पायांचा पसारा सुमारे ७० सेंटिमीटर भरतो.

पायांची संख्या हा कुळाचा पक्का पुरावा मानावा, असे सामान्यतः आपल्याला वाटते. समुद्रकोळ्याने या समजुतीला धक्का दिला, आणि त्याची हकीकत मनोरंजक आहे. जेम्स एट्स या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने १८३० च्या सुमारास दक्षिण शेटलंड बेटांचा प्रवास केला, व तेथे मिळालेल्या एका समुद्रकोळ्याचे वर्णन १८३५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या प्राण्याला पायांच्या पाच जोड्या होत्या. म्हणून त्याने नाव दिले ‘डेकोलोपोडा’, दशपाद. विद्वानांनी या वर्णनाची फारशी दखल घेतली नाही. आठ पायांच्या प्राण्याला दहा पाय कसे असणार? लेख जवळजवळ सत्तर वर्षे धूळ खात पडला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ‘डिस्कव्हरी’ जहाजावरील मोहिमेत दहा पायांचा दुसराच एक समुद्रकोळी सापडला, आणि त्याच सुमारास ‘स्कोशिया’ जहाजावरील स्कॉटिश मोहिमेने एट्सचा दशपादही पुन्हा हाती आणला. एट्सने जे पाहिले तेच लिहिले होते. त्यानंतर १९३३ मध्ये कॅलमन व इझाबेला गॉर्डन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी चक्क बारा पायांच्या ‘डोडेकोलोपोडा’चे वर्णन केले. या बहुपाद जाती बहुतेक दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात आढळतात. दक्षिण अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरील एक जात त्याला अपवाद आहे. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, बाकी सर्व बाबतींत त्या आपापल्या अष्टपाद नातलगांसारख्याच आहेत. धडाचे एक-दोन खंड अधिक आणि पायांच्या तितक्याच जोड्या अधिक, इतकाच फरक.

पाय मोजून कुळ ठरत नसेल, तर ते ठरवावे कशावरून? अठराव्या शतकात स्ट्रॉम या नॉर्वेजियन धर्मोपदेशकाने आणि लिनीअसने समुद्रकोळ्यांना ‘फॅलँजियम’ या लांब पायांच्या भूचर अष्टपादांमध्ये घातले होते. पुढे काहींनी त्यांना खेकडे-कोळंबीच्या कवचधारी वर्गात ढकलले. भांडणाचा मुख्य विषय होता तो चिमट्यांचा. भूचर कोळ्याचे विषारी जबडे, विंचवाच्या तोंडाशी असलेले लहान चिमटे, आणि समुद्रकोळ्याचे चिमटे ही एकाच मूळ अवयवाची रूपे असतील, तर हे तिघे एका घराण्याचे ठरतात. २००५ मध्ये एका संशोधक गटाने समुद्रकोळ्याच्या डिंभाच्या मेंदूचा अभ्यास करून सांगितले की, त्याच्या चिमट्यांची मज्जा मेंदूच्या अगदी पुढच्या खंडातून निघते; कोळ्याच्या जबड्यांची मात्र दुसऱ्या खंडातून. हे खरे असते तर समुद्रकोळी हा सर्व हयात संधिपाद प्राण्यांहून निराळा, अतिप्राचीन असा एकांडा शिलेदार ठरला असता. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने, शरीराचा कोणता खंड काय बनणार हे ठरविणाऱ्या जनुकांचा माग काढून, चिमटे दुसऱ्याच खंडाचे आहेत असे दाखविले. आजच्या जनुकीय पुराव्यांचा कौल बहुतांशी असा आहे की, समुद्रकोळी हा कोळी, विंचू व नालखेकडा यांच्याच घराण्यातला. मात्र या घराण्याच्या मूळ पुरुषापासून सर्वांत आधी वेगळी झालेली ही शाखा आहे. म्हणजे तो कोळी खचितच नाही, कोळ्याचा फार दूरचा भाऊबंद आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडणारा नालखेकडा खेकडा नसून विंचवा-कोळ्यांच्या बाजूचा आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना नावाच्या या फसवणुकीचे नवल वाटणार नाही.

ही शाखा किती जुनी आहे याची साक्ष दगडांत आहे. इंग्लंडमधील हेरफर्डशरच्या सुमारे ४२ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वीच्या खडकांत एक लहानसा समुद्रकोळी जीवाश्मरूपाने मिळाला. जर्मनीतील हुन्सरुकच्या पाटीच्या दगडांतील काही समुद्रकोळ्यांचे मागचे अंग मात्र आजच्यासारखे खुंटलेले नसून खंडयुक्त व लांब आहे. तेव्हा पोट पूर्वी होते आणि कालांतराने ते गेले, असे दिसते. २०२५ मध्ये पिक्नोगोनम लिटोराले या जातीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, आणि त्यात एक मार्मिक गोष्ट आढळली. इतर संधिपादांत शरीराच्या मागच्या भागाच्या घडणीशी निगडित असलेले एक जनुक येथे नाहीच. पोट जाणे आणि हे जनुक जाणे यांचा संबंध असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

आता श्वासाविषयी. समुद्रकोळ्याला कल्ले नाहीत, फुप्फुसे नाहीत. पाण्यातील प्राणवायू त्याच्या कवचातून सरळ आत झिरपतो. लांब, बारीक पायांमुळे शरीराच्या मानाने पृष्ठभाग पुष्कळ मिळतो, म्हणून हे शक्य होते. पण आत आलेला प्राणवायू अंगभर पोहोचवायचा कोणी? हृदय आहे, परंतु दुर्बळ. त्याची धाव धडापुरतीच. आर्थर वुड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, हे काम पायांतील आतडी करतात. आतड्यांत ज्या आकुंचनाच्या लाटा उठतात त्यांनी आतील अन्न तर हलतेच, शिवाय बाहेरचे रक्तही पायातून मागे-पुढे ढकलले जाते. आतड्याने हृदयाचा भार उचलल्याचे इतके स्पष्ट उदाहरण प्राणिसृष्टीत विरळाच.

समुद्रकोळ्यांचा प्रसार या श्वसनाच्या दृष्टीने पाहिला म्हणजे अधिक अर्थपूर्ण वाटतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यापासून सात हजार मीटरांहून अधिक खोलीपर्यंत, आणि विषुववृत्तापासून दोन्ही ध्रुवांपर्यंत, सर्व महासागरांत ते आहेत. गोड्या पाण्यात नाहीत. उष्ण समुद्रांच्या उथळ पाण्यातील जाती बहुशः चिमुकल्या, तर मोठमोठ्या जाती ध्रुवसमुद्रांत व खोल पाण्यात. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो आणि थंडीत शरीराची गरजही कमी असते, म्हणून तेथे देह वाढू शकतो, अशी एक उपपत्ती आहे. ती खरी असेल तर समुद्र तापू लागताच मोठे समुद्रकोळी आधी गुदमरावेत. हे तपासण्यासाठी अंटार्क्टिकातील लहान-मोठे समुद्रकोळी निरनिराळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवून त्यांना पुनःपुन्हा उताणे केले गेले, आणि ते किती वेळा स्वतः होऊन सुलटे होतात हे मोजले गेले. उणे १·८ पासून ९ अंश सेल्सिअसपर्यंत हा प्रयोग झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मोठे प्राणी लहानांपेक्षा अधिक लवकर थकले नाहीत. त्यांच्या कवचाला छिद्रे अधिक असतात, व त्यांतून प्राणवायूला वाट मिळते. उपपत्ती सुबक असली तरी प्रयोगाने तिला सरळ होकार दिला नाही.

अपत्यसंगोपनाचा भार या वर्गात पित्यावर असतो. मादी अंडी सोडते, नर ती फलित करून आपल्या मांडीतील ग्रंथींच्या चिकट द्रवाने त्यांचे गोळे वळतो, आणि अंडधारी गात्रांवर मण्यांसारखे ओवून आठवडेच्या आठवडे वाहतो. एकाच नराच्या अंगावर अनेक माद्यांची अंडी असू शकतात. मात्र कोलोसेंडिसचा अंडी वाहणारा नर कोणालाच कधी दिसला नव्हता, आणि हे कोडे शंभर वर्षांहून अधिक काळ सुटले नव्हते. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली उतरून पाणबुड्या संशोधकांनी या जातीच्या जोड्या टाक्यांत आणून ठेवल्या, तेव्हा त्यांतील एका पालकाने, तो बहुधा नरच, हजारो बारीक अंडी खडकाला चिकटविण्यात दोन दिवस घालविले. काही आठवड्यांत त्यांवर सूक्ष्म शेवाळ इतके वाढले की ती दिसेनाशी झाली. ही हकीकत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

अंड्यातून निघणाऱ्या डिंभाला फक्त तीन जोड्या उपांगे असतात; पाय मागाहून एकेक जोडीने फुटतात. कित्येक जातींचे डिंभ हायड्रॉइडांच्या अंगात शिरून तेथे गाठी करून वाढतात. निम्फोनेला या जातीचे डिंभ शिंपल्यांत वाढतात, आणि यातून माणसाचेही नुकसान झालेले आहे. २००७ मध्ये टोकियोच्या उपसागरात, आपल्या कोकणातील तिसऱ्यांच्याच कुलातील शिंपले या डिंभांनी ग्रासले जाऊन मोठ्या प्रमाणात मेले. शिंपल्यांवर पोट भरणाऱ्या तेथील मच्छीमारांना या चिमुकल्या प्राण्याची ओळख अशी महागात पडली.

भारतीय समुद्रांतील समुद्रकोळ्यांची पहिली मोठी यादी कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या संग्रहावरून वर उल्लेखिलेल्या कॅलमन यांनीच १९२३ मध्ये केली. मनारच्या आखातातील क्रुसडाई बेटावरील जातींची नोंद सुंदर राज यांनी १९२७ मध्ये मद्रास संग्रहालयाच्या पत्रिकेत केली, आणि डॅनियल व सेन यांनी १९७५ मध्ये प्राणी सर्वेक्षणाच्या संग्रहाचा पुन्हा आढावा घेतला. भूचर कोळ्यांच्या मानाने हे काम तुटपुंजे आहे. कोळी आपण होऊन घरात येतो. समुद्रकोळ्याचा शोध मुद्दाम घ्यावा लागतो.

तो घेणे फारसे अवघड नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी सर्वांत दूर हटते. भांगाच्या दिवसांत ते तितके उतरत नाही. अशा वेळी उघड्या पडलेल्या खडकांच्या खालच्या अंगास, समुद्रफुलांच्या बुडाशी, आणि हायड्रॉइडांच्या झुपक्यांत पाहावे. झुपका समुद्राच्याच पाण्यासह एका पांढऱ्या बशीत ठेवावा व भिंग घेऊन स्वस्थ बसावे. प्रथम नुसता काड्यांचा गुंता दिसतो. काही वेळाने त्यांतील एखादी काडी हळूच एक पाय उचलते, दुसरीकडे टेकते, आणि मग दुसरा उचलते. नमुना ठेवायचा असल्यास तो मद्यार्कात घालून, कुपीत स्थळ, तारीख आणि तो कशावर बसला होता हे पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी. शाई मद्यार्कात विरघळून जाते.